ॲडमिनवर कारवाई करायची तर कशी? आमच्या पाण्याच्या ग्रुपवरनं शिकलेलं

जुळे सोलापुरात आमच्या भागाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पाण्याचा. सोलापूरकरांना हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो, आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं, कधी पहाटे तर कधी रात्री, त्यामुळं चावीवाल्यानं पाणी सोडलं की ज्याला पहिलं कळेल त्यानं ग्रुपवर टाकायचं आणि मग गल्लीभर मोटारी चालू. साडेसहाशे माणसं आहेत ग्रुपमध्ये, मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळ्या घरांतली, आणि सहा ॲडमिन, सगळे फुकटात काम करणारे.

त्यातला सगळ्यात लहान ॲडमिन म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतलं एक पोरगं, इंजिनिअरिंगला होतं. एका रात्री साडेअकराच्या सुमाराला त्यानं एकाचा मेसेज डिलीट केला आणि त्या माणसालाही ग्रुपमधनं काढून टाकलं. कारण काही सांगितलं नाही. काढलेल्या माणसानं दहा जणांना फोन लावले, आणि ग्रुपवर सुरू झालं, "ॲडमिन झाला म्हणजे मालक झाला काय बे", "काल मिसरूड फुटलंय आणि मोठ्या माणसांना काढतंय", असं बरंच काय काय. आम्ही बाकीच्या पाच ॲडमिननी बाजूच्या ग्रुपवर वीस मिनिटं खलबतं केली आणि बारा वाजायच्या आत त्याचं ॲडमिनपद काढलं. त्याला एक फोनसुद्धा केला नाही. त्या पाचांत मी होतो. सकाळी उठून बघतो तर पोरगं ग्रुप सोडून गेलेलं.

तीन आठवड्यांनी त्याच गल्लीतल्या एक वहिनी माझ्या बायकोजवळ बोलल्या. त्या मेसेजमध्ये त्यांच्या मुलीचा फोटो आणि फोन नंबर होता, खाली घाण मजकूर. पोरानं तो दोन मिनिटांत उडवला, टाकणाऱ्याला काढलं, आणि वहिनींना शब्द दिला की ही गोष्ट माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही. म्हणून तो गप्प बसला होता. ग्रुपवर कारण सांगितलं असतं तर जे झाकायला मेसेज उडवला तेच साडेसहाशे माणसांपुढं उघडं पडलं असतं. आणि आम्ही त्याच्या गप्प बसण्यालाच माज समजलो.

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घ्यायला लागलो. जगात एवढ्या मोठमोठ्या ऑनलाइन कम्युनिट्या फुकट राबणाऱ्या माणसांवर चालतात, मग त्यातला एक चुकला किंवा चुकला असं लोकांना वाटलं, तर तिथं काय करतात? जे कळलं ते सोप्या शब्दांत सांगतो, कारण सोलापुरात प्रत्येक अपार्टमेंटचा, प्रत्येक गणेश मंडळाचा, रक्तदात्यांचा, शाळेच्या पालकांचा असा एकेक ग्रुप आहे आणि आज ना उद्या ही वेळ सगळ्यांवर येते.

ॲडमिन म्हणा, मॉडरेटर म्हणा, मराठी विकिपीडियावर त्याला प्रचालक म्हणतात, काम साधारण एकच. नको ते काढणं, नको त्याला काढणं, आणि फारच पेटलं तर थोडा वेळ दार लावून घेणं. हा माणूस कुणाचा नोकर नसतो, त्यामुळं त्याला मेमो देता येत नाही की पगार कापता येत नाही. (अमेरिकेत इंटरनेट सेवा देणाऱ्या एओएल कंपनीच्या अशा स्वयंसेवकांनी १९९९ मध्ये कोर्टात जाऊन सांगितलं होतं की आमच्याकडनं कामगारासारखं काम करून घेतलं, मग पगार द्या, आणि शेवटी २०१० मध्ये दीड कोटी डॉलरवर ते मिटलं. पण तो अपवाद, बाकी बहुतेक ठिकाणी हे काम बिनपगारीच आहे.) त्याला मिळतो तो मान. आणि मानाचं काय असतं ते सोलापूरच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे देवाची उंच, जड काठी, धरायला मिळावा म्हणून माणसं आधीपासून सराव करतात, त्यात पैसा कुठं असतो? ॲडमिनपद काढणं म्हणजे चारचौघांत मान काढणं, म्हणून ते जपून करावं लागतं, आणि म्हणूनच ते करायला कुणी धजत नाही आणि मग एकदम रात्री बाराला रागाच्या भरात होतं.

आता पहिली गोष्ट बघायची ती ही की ॲपनं स्वतःच काय ठरवून ठेवलंय. व्हॉट्सॲपवर कुठलाही ॲडमिन दुसऱ्याला ॲडमिन करू शकतो, काढूही शकतो, पण ज्यानं ग्रुप सुरू केला त्याला मात्र कुणी हलवू शकत नाही, तो स्वतः बाहेर पडेपर्यंत ॲडमिनच. आमच्याकडं ते म्हणजे अण्णा. रेडिट म्हणून चर्चेच्या ग्रुपांची एक वेबसाइट आहे, तिथं मॉडरेटरांची यादी असते वरपासून खालपर्यंत, वरचा खालच्याला काढू शकतो, खालचा वरच्याला नाही, म्हणजे जो आधी आला तो मोठा. विकिपीडियावर असं नाही, तिथं पहिला आला म्हणून कुणी कायमचा वर बसत नाही. हे नियम कुठं मोठ्या अक्षरांत लिहिलेले नसतात, बटणातच बसवलेले असतात, आणि भांडण पेटल्यावर लोकांना त्यांचा पत्ता लागतो.

कायदा मदत करेल का? फारशी नाही. २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं की ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणी आक्षेपार्ह मेसेज टाकला तर निव्वळ ॲडमिन आहे म्हणून ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, दोघांचा मिळून तसा इरादा होता हे दिसायला पाहिजे, कारण तेव्हा ॲडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं एवढंच होतं, मेसेज यायच्या आधी तो थोडाच बघू शकतो. हा ॲडमिनला दिलासा आहे. केंद्राच्या २०२१ च्या आयटी नियमांनी कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमायला लावलं, आणि त्याच्या निर्णयावर २०२२ च्या दुरुस्तीनं अपील समिती आणली, पण ते कंपनीविरुद्ध. तुमच्या ग्रुपच्या अण्णांनी तुम्हाला काढलं, याची दाद तिथं लागत नाही.

आणि हे बघून मला आपली सहकारी सोसायटी आठवली. आपल्यातल्या निम्म्या लोकांचा संबंध कुठल्या ना कुठल्या सोसायटीशी येतो, कुणाची घराची, कुणाची सूत-टॉवेलवाल्यांची, कुणाची पतसंस्था. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं कलम ३५ काय म्हणतं? साध्या एका सभासदाला काढायचं तर त्यासाठी खास सर्वसाधारण सभा, हजर असलेल्या मतदार सभासदांपैकी किमान तीन चतुर्थांशांचा ठराव, त्या माणसाला सभेपुढं आपली बाजू मांडायची संधी, आणि एवढं करून निबंधकाची मंजुरी मिळाल्याशिवाय तो ठराव लागूच होत नाही. काढलेल्या माणसावरची बंदीपण एक वर्षाची. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीनं हे सगळं बसून ठरवलं होतं, आधी संधी, मग मत, मग वरची तपासणी, मग मुदत. आणि आपण मोबाइलवर वीस मिनिटांत पोराला उडवून मोकळे.

मोठ्या कम्युनिट्यांनी फिरून फिरून हेच शोधून काढलंय, थोडं वेगळ्या कपड्यांत. इंग्रजी विकिपीडियावर प्रचालक व्हायची जुनी वाट म्हणजे सात दिवस उघड चर्चा, लोक जुनी कामं काढून बघतात, प्रश्न विचारतात. झाल्यावर तो जे ब्लॉक करेल, जे डिलीट करेल त्याची नोंद आपोआप पडते आणि ती कुणालाही बघता येते. शिवाय एक नियम मला फार आवडला, ज्या वादात तू स्वतः आहेस तिथं बटण वापरायचं नाही, दुसऱ्या प्रचालकाला बोलवायचं. आणि प्रचालक चुकलाच तर तक्रार ऐकायला निवडून आलेली लवाद समिती आहे, ती त्याचे अधिकार काढू शकते. इतकी वर्षं लोकांची कुरकुर होती की ही वाट फार लांबची आहे, म्हणून २०२४ पासून तिथं अजून एक वाट आली, एका महिन्यात २५ सदस्यांनी सह्या केल्या की त्या प्रचालकाला पुन्हा लोकांपुढं उभं राहून विश्वास मिळवावा लागतो, नाहीतर अधिकार जातात. म्हणजे सह्या झाल्या की लगेच डच्चू नाही, त्याला परत उभं राहायला मुदत मिळते, हे मला महत्त्वाचं वाटतं.

तरी तिथंही चुका होतात, आणि त्यातनंच जास्त शिकायला मिळतं. २०१९ साली दोन गोष्टी घडल्या. जूनमध्ये विकिमीडिया फाउंडेशननं, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेनं, इंग्रजी विकिपीडियावरच्या एका जुन्या प्रचालकावर थेट वर्षभराची बंदी घातली. तक्रारदारांची नावं जपायची म्हणून पुरावा कम्युनिटीला दाखवला नाही. लोक खवळले, वीसेक प्रचालकांनी अधिकार सोडून दिले. शेवटी प्रकरण लवाद समितीकडं गेलं, त्यांनी पुरावा बघितला आणि सप्टेंबरमध्ये बंदी उठवली, पण प्रचालकपद मात्र परत दिलं नाही. त्याच सप्टेंबरमध्ये प्रश्नोत्तरांच्या वेबसाइट चालवणाऱ्या स्टॅक एक्स्चेंज कंपनीनं आपल्या एका मॉडरेटरला काढलं, आचारसंहितेच्या नव्या मसुद्यावरनं वाद चालू होता, तो नियम अजून लागूपण झाला नव्हता. बरेच मॉडरेटर काम सोडून बसले, कंपनीला जाहीर माफी मागावी लागली, आणि नंतर त्यांनी मॉडरेटरला काढायची आणि परत घ्यायची पद्धत लिहून काढली.

ह्या दोन्ही ठिकाणी गोंधळ झाला तो आमच्या पोरासारखाच. काही गोष्टी चारचौघांत सांगता येत नाहीत, कुणाची तरी अब्रू असते, कुणाचा तरी नंबर असतो. पण सांगता येत नाही म्हणून कुणालाच सांगायचं नाही असं केलं की लोक मनातनं कारण रचतात, आणि ते खऱ्यापेक्षा वाईटच असतं. यावर तोडगा म्हणजे मधली तीन-चार माणसं, ज्यांच्यावर ग्रुपचा भरवसा आहे, ज्यांनी पुरावा बघायचा आणि तोंड बंद ठेवायचं, आणि बाहेर फक्त एवढं सांगायचं की आम्ही बघितलं, दोन्ही बाजू ऐकल्या, निर्णय असा आहे. आमच्याकडं अशी तीन माणसं असती तर पोरानं त्यांना मेसेजचा स्क्रीनशॉट दाखवला असता आणि अर्ध्या तासात विषय संपला असता.

ही माणसं कोण असावीत, यावर मी जरा थांबून बोलतो. १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टापुढं एक केस आली होती. जम्मू-काश्मीरमध्ये भारतीय वनसेवेसाठी अधिकारी निवडायचे होते, निवड मंडळावर एक अधिकारी बसले होते जे स्वतःच उमेदवार होते. त्यांच्या नावाचा विचार चालू असताना ते उठून बाजूला झाले, पण त्यांच्याशी स्पर्धा असलेल्यांची नावं आली तेव्हा बसून राहिले. कोर्टानं ती निवड रद्द केली. त्यांनी मुद्दाम कुणाचं वाईट केलं हे सिद्ध व्हायची गरज नव्हती, त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचा कल कळत-नकळत एका बाजूला जाणार हे पुरेसं होतं. आता आमच्याकडं बघा. त्या रात्री पोराला काढायला सगळ्यात पुढं जो ॲडमिन होता, तो काढलेल्या माणसाचा साडू. त्यानं त्या चर्चेत बसायलाच नको होतं, आणि आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात हे आलंसुद्धा नाही, कारण आपल्याकडं कोण कुणाचा साडू नसतो? सोलापुरासारख्या गावात तर धागा ओढला की तिसऱ्या घरात नातं निघतं. म्हणून नातं नसलेला माणूस शोधत बसण्यापेक्षा, नातं असेल तर आधी बोलून दाखवा आणि त्या एका प्रकरणापुरतं उठून बाहेर जा, हे जास्त जमण्यासारखं आहे.

दुसरं, तात्पुरतं थांबवणं आणि शिक्षा देणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक हमखास इथं घोळ करतात. रात्री साडेअकराला ॲडमिन पटापट माणसं काढत सुटलाय असं दिसलं तर त्याचं बटण तेवढं थांबवायला काही हरकत नाही, उलट थांबवावंच, मोटरमधनं धूर निघाला की आपण आधी मेन स्विच पाडतो आणि मग बघतो काय जळलं. पण त्या वेळी त्याला खासगीत कळवायचं की बाबा, हे थांबवलंय, शिक्षा नाही, उद्या संध्याकाळी सातला आपण बोलू, तोपर्यंत तुझ्याकडं जे असेल ते जपून ठेव. आणि ग्रुपवर लिहायचं की चौकशी चालू आहे, निर्णय झालेला नाही. आणि ह्या थांबवण्याला तारीख पाहिजे, तीन दिवस, फार तर आठवडा. तारीख नसली की तात्पुरतं थांबवलेलं तसंच पडून राहतं आणि माणूस कंटाळून निघून जातो, तोही निर्णयच झाला की, फक्त कुणी सही न केलेला.

मग चौकशी. तक्रार लेखी घ्या, चार ओळी चालतील, पण कधी, कुठला मेसेज, काय चुकलं हे त्यात यायला पाहिजे. "तो लई शहाणपणा करतो" ही तक्रार होत नाही. ती ज्याच्याविरुद्ध आहे त्याला वाचायला द्या, गरज असेल तर तक्रार करणाऱ्याचं नाव झाकून, पण आरोप झाकून नाही, कारण कशाचं उत्तर द्यायचं हेच माहीत नसेल तर तो बोलणार काय? त्याचं ऐका. फोनवर नको, शक्य असेल तर समोरासमोर, चहा घेत. आणि मग निर्णय घेताना हे विचारा की त्यानं नियम मोडला, का त्याला नियम माहीतच नव्हता, का नियमच नव्हता. आमच्याकडं तिसरं होतं. नियमच नव्हता.

शिक्षेत पायऱ्या ठेवा. आधी बोलून सांगणं, मग लेखी समज, मग महिनाभर बटण नाही पण ॲडमिनांच्या बैठकीत बसायचं, मग पद काढणं, आणि ग्रुपमधनंच काढणं हे अगदी शेवटचं. ॲडमिनपद गेलं म्हणून माणूस वाईट ठरत नाही, चांगला शेजारी वाईट ॲडमिन असू शकतो, त्याला पाण्याचे मेसेज तर मिळायलाच पाहिजेत. पैसे खाणं, कुणाचा नंबर विकणं, बाईमाणसाला खासगीत त्रास देणं, असलं काही असेल तर पायऱ्या चढत बसू नका, थेट वर जा आणि पोलिसांतही जा. आणि निर्णय पटला नाही तर दुसऱ्या दोघांकडं अपील, ज्यांनी पहिला निर्णय घेतला नाही अशांकडं.

एवढं सगळं ऐकून कुणी म्हणेल, मालक, पाण्याच्या ग्रुपला एवढा लवाजमा? मग उलटी गोष्टपण ऐका, काहीच कारवाई न होण्याची. क्रोएशियन विकिपीडियावर साधारण २०११ पासून जवळपास दहा वर्षं प्रचालकांच्या एका टोळक्यानं कब्जा ठेवला होता. एकमेकांना सांभाळून घ्यायचं, विरोध करणाऱ्याला ब्लॉक करायचं, इतिहासाचे लेख आपल्या राजकारणाला सोयीचे करायचे. तक्रार करायची कुणाकडं, तर त्यांच्याकडंच. चांगली माणसं कंटाळून गेली आणि मग मत द्यायलाही तीच टोळी उरली. बाहेरच्या लोकांनी लक्ष घातल्यावर ते हटले, आणि २०२१ मध्ये विकिमीडिया फाउंडेशननं त्यावर अहवाल काढला. म्हणजे ॲडमिनला ॲडमिननीच तपासायचं एवढ्यानं भागत नाही, एक तरी माणूस ॲडमिन नसलेला पाहिजे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे, आपल्या भाषेत काम करणारे हात आधीच थोडे, असल्या भांडणात दोन हात जरी गेले तरी ते भरून यायला वर्षं लागतात.

आणि वरच्या कंपनीवर फार विसंबू नका. २०२३ च्या जूनमध्ये रेडिटवर ८००० पेक्षा जास्त कम्युनिट्यांनी कंपनीनं बाहेरच्या ॲपना लावलेल्या नव्या दरांविरुद्ध दारं लावून घेतली होती, तेव्हा कंपनीनं मॉडरेटरांना कळवलं की उघडा, नाहीतर दुसरे मॉडरेटर बसवू. घर त्यांचं, आपण भाडेकरू.

आम्ही काय केलं ते सांगतो. मी आणि अण्णा पोराच्या घरी गेलो. त्याच्या आईनं शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पुढं ठेवली, पोरगं खाली मान घालून बसलेलं. अण्णा सत्तरीचे आहेत, त्यांनी सरळ सांगितलं, "आम्ही तुला विचारायला पाहिजे होतं, विचारलं नाही, चुकलं." पोरानं एवढंच विचारलं की पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला विचारणार का. मग त्या आठवड्यात आम्ही एका पानावर नियम लिहिले आणि ग्रुपवर पिन केले. हे कुणावर तक्रार नसताना लिहिलं ते बरं झालं, समोर माणूस असला की नियम वाचताना त्याचंच तोंड दिसतं, कुणाला सवलत द्यावीशी वाटते, कुणाला अडकवावंसं वाटतं. तिघांची समिती केली, दोन ॲडमिन आणि तिसऱ्या एक बाई ज्या ॲडमिन नाहीत, रिटायर हेडमास्तरीण आहेत. अण्णांना ॲपमधनं कुणी काढू शकत नाही, म्हणून त्यांनी स्वतःहून कागदावर लिहून दिलं की समितीनं सांगितलं तर मी ग्रुप सोडून साधा मेंबर म्हणून परत येईन.

तक्रारींची नोंद मी एका लांब वहीत ठेवतो, मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो त्यामुळं वहीची सवय आहे, तारीख, कुणाची, कुणाविरुद्ध, काय ठरलं. आतापर्यंत पाच नोंदी झाल्यात. पाचवी माझ्याविरुद्ध आहे, टँकरच्या दरावर एका वहिनींनी टाकलेला मेसेज मी घाईत उडवला, त्यांना ते पटलं नाही. समितीतल्या दोन ॲडमिनांपैकी एक मी, म्हणून ह्या प्रकरणापुरता मी उठलोय आणि माझ्या जागी ते पोरगं बसणार आहे. वही मी काल हेडमास्तरीणबाईंकडं नेऊन दिली. रविवारी सकाळी दहाला बैठक आहे, मी माझं सांगून बाहेर कट्ट्यावर बसणार.